पृथ्वी जयंती: प्रजासत्ताक नेपाळ आपल्या पहिल्या राजाचा दिवस का पाळतो?

मांद्रेकर

सर्व सभासदांना नमस्कार. मांद्रे येथे माझे बारा खोल्यांचे अतिथिगृह आहे आणि गेली नऊ वर्षे त्याचे स्वयंपाकघर व खोल्यांची निगा मुख्यतः नेपाळहून आलेल्या माणसांच्या हाती आहे. सध्या असे सात जण माझ्याकडे काम करतात. त्यांच्यातील मुख्य आचारी गोरखा जिल्ह्याचे आहेत. मागच्या आठवड्यात त्यांनी मला विनंती केली की ११ जानेवारीला सकाळी तासभर सर्वांना मोकळे ठेवावे, अंगणात तुळशीजवळ पाट मांडून राजा पृथ्वीनारायण शाह यांच्या तसबिरीला हार घालू द्यावा आणि मालक या नात्याने मी दोन शब्द बोलावेत. दिवस हंगामाचे असले तरी प्रश्न तासाभराचा होता, म्हणून मी लगेच होकार दिला.

त्यानंतर दोन दिवसांनी, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, सातांपैकी दोघे माझ्याकडे आले. त्या तासात खोल्यांचे काम आम्ही सांभाळू, इतरांना खुशाल बसू द्या, असे त्यांनी सांगितले. मी कारण विचारले तेव्हा 'आमच्या घरी हा दिवस पाळत नाहीत' एवढेच उत्तर मिळाले. एक जण कीर्तिपूरचे, नेवार समाजाचे आहेत आणि दुसरे पूर्वेकडील पांचथरचे, लिंबू जमातीचे. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण बोलताना दोघांचीही नजर खाली होती आणि तेव्हापासून माझे मन स्वस्थ नाही.

आमच्या शाळेत नेपाळ हे जगातील एकमेव हिंदू राष्ट्र म्हणून शिकवले जाई, आणि पुढे तेथील राजेशाही संपल्याचे मी वर्तमानपत्रांत वाचले. मग ज्या देशाने राजाला राजवाडा सोडायला लावला, तोच देश त्या घराण्याच्या संस्थापकाची जयंती का पाळतो? हा सरकारी दिवस आहे की राजाच्या समर्थकांचा? आणि एकाच छपराखाली राहणाऱ्या सातांपैकी पाचांना जो दिवस आपला वाटतो, तो उरलेल्या दोघांना का वाटत नाही? मला बोलायचे आहे आणि अजाणतेपणी कोणाला लागेल असे काही बोलायचे नाही, म्हणून जाणकारांना विचारतो.

अंत्रुजवासी

मांद्रेकर, बोलण्याआधी आपण विचारलेत हे फार चांगले केलेत. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे आणि नेपाळच्या एकीकरणाचा काळ माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

पृथ्वीनारायण शाह यांचा जन्म विक्रम संवत १७७९ च्या पौष २७ ला, म्हणजे १७२३ च्या जानेवारीत झाला. १७४३ मध्ये ते गोरखा या लहानशा डोंगरी राज्याच्या गादीवर बसले. आज ज्याला नेपाळ म्हणतात त्या भूमीवर तेव्हा पन्नासेक राज्ये होती. कर्णालीच्या खोऱ्यातील बावीस राज्यांना बाईसी आणि गंडकीच्या खोऱ्यातील चोवीस राज्यांना चौबीसी म्हणत. गोरखा हे या चोवीसांपैकी एक. काठमांडूच्या खोऱ्यात मल्ल घराण्याच्या तीन शाखा काठमांडू, पाटण आणि भक्तपूर या तीन नगरांतून राज्य करीत, आणि नेपाळ हे नावही तेव्हा मुख्यतः त्या एका खोऱ्याचेच होते. तिबेटचा व्यापार या खोऱ्यातून चाले, इतका की तिबेटसाठी लागणारी चांदीची नाणीदेखील मल्ल राजांच्या टांकसाळीत पाडली जात. पृथ्वीनारायणांनी आधी १७४४ मध्ये नुवाकोट घेऊन तिबेटकडे जाणारा रस्ता अडवला आणि मग पंचवीस वर्षे एकेक खिंड व एकेक गढी जिंकत खोऱ्याभोवतीचा फास आवळत नेला.

१७६७ मध्ये काठमांडूचे राजे जयप्रकाश मल्ल यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे मदत मागितली. कंपनीने कॅप्टन किनलॉकच्या हाताखाली फौज धाडली, ती सिंधुलीच्या डोंगरात पावसाने, तापाने आणि गोरखाली सैन्याने मोडून परत फिरली. प्लासीच्या लढाईला दहा आणि बक्सारला तीन वर्षे झालेली असताना, बंगालमध्ये कंपनीला अडवणारे कोणी उरलेले नसताना, हे घडले. पुढच्याच वर्षी, १७६८ मध्ये, इंद्रजात्रा या नेवारांच्या उत्सवाच्या दिवशी काठमांडू पडले. थोड्याच दिवसांत पाटण आणि १७६९ मध्ये भक्तपूरही गेले. आपल्याकडच्या घटनांशी सांगड घालायची तर, त्याच दशकात, १७६३ मध्ये, हैदरअलीच्या स्वारीपुढे सौंदेकर राजाचा टिकाव लागला नाही आणि आमचा फोंडा महाल पोर्तुगिजांच्या हाती गेला. १७८८ मध्ये आपला पेडणे महालही गेला. नेपाळी माणूस जेव्हा सांगतो की आमच्यावर परक्याचे राज्य कधी झाले नाही, तेव्हा त्या अभिमानाचे मूळ या पंचवीस वर्षांत असते, आणि गोमंतकातील माणसाला त्या वाक्याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आपल्या सरदारांना जे सांगितले ते 'दिव्योपदेश' या नावाने ओळखले जाते. हे राज्य दोन दगडांमध्ये सापडलेल्या तरुळासारखे आहे, असे त्यात म्हटले आहे. उत्तरेला चीन आणि दक्षिणेला इंग्रज असे ते दोन दगड. तरुळ म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद. परदेशी व्यापाऱ्यांना आत घेऊ नका, ते प्रजेला कंगाल करतील, हेही त्यात आहे. आणि हे राज्य चार जाती व छत्तीस वर्णांची फुलबाग आहे, हे नेपाळात आजही सर्वांच्या तोंडी असलेले वचनही त्यातलेच. १७७५ मध्ये नुवाकोटजवळ देवीघाट येथे त्यांचे निधन झाले.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. राजेशाहीच्या काळात पौष २७ हा पृथ्वी जयंती आणि राष्ट्रीय एकता दिवस म्हणून सरकारी सुट्टीचा दिवस होता. २००६ च्या लोकआंदोलनाने राजे ज्ञानेंद्र यांची सत्ता संपवली आणि त्यापाठोपाठ ही सुट्टीही रद्द झाली. त्या काळात पृथ्वीनारायणांच्या अनेक पुतळ्यांची मोडतोड झाली. २८ मे २००८ रोजी संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी नेपाळ प्रजासत्ताक असल्याचे घोषित केले आणि ११ जूनला ज्ञानेंद्र यांनी नारायणहिटी राजवाडा सोडला. जवळजवळ दोनशे चाळीस वर्षांचे शाह घराण्याचे राज्य असे मतदानाने संपले. त्यानंतर अनेक वर्षे हा दिवस काही पक्ष आणि संघटना आपापल्या परीने पाळत राहिल्या. २०२३ च्या जानेवारीत सरकारने ही सुट्टी पुन्हा जाहीर केली, आणि तेव्हा पंतप्रधान होते पुष्पकमल दाहाल 'प्रचंड', म्हणजे ज्या माओवादी पक्षाने १९९६ पासून दहा वर्षे राजेशाहीविरुद्ध शस्त्र धरले त्याचे नेते. त्यांच्या आघाडीत राजेशाही परत आणू पाहणारा राष्ट्रीय प्रजातंत्र पक्षही होता, त्यामुळे निर्णयात राजकारणाचा भाग होताच. तरीही मला त्यात एक प्रौढपणा दिसतो. देश उभा करणारा पुरुष आणि पुढे कालबाह्य ठरलेली राजसंस्था ही दोन वेगळी खाती आहेत, हे ओळखायला त्या देशाला सतरा वर्षे लागली. म्हणून हा दिवस सरकारी आहे असे म्हणायला हरकत नाही. सिंहदरबार या सरकारी मुख्यालयासमोरील तर्जनी उंचावलेल्या पुतळ्याला हार घालणाऱ्यांत प्रजासत्ताकाचे समर्थकही असतात आणि राजा परत यावा असे वाटणारेही.

कुशावतीकाठ

सरांनी दिलेली माहिती अचूक आहे, परंतु मांद्रेकरांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तीत नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. मी कामानिमित्त तीन वर्षे पाटणमध्ये राहिले, त्यामुळे त्या दोघांच्या खाली गेलेल्या नजरेविषयी थोडे सांगू शकते.

कीर्तिपूर हे काठमांडूच्या नैर्ऋत्येला टेकडीवर वसलेले नेवारांचे जुने नगर. विटांच्या अरुंद गल्ल्या चढत गेले की बाघभैरवाचे देऊळ लागते आणि त्याच्या वरच्या भागावर जुन्या तलवारी व ढाली ठोकून ठेवलेल्या दिसतात. ती शस्त्रे त्या काळच्या लढायांतील आहेत असे सांगतात. या नगराने गोरख्याची फौज दोनदा परतवली होती. १७५७ च्या पहिल्या हल्ल्यात पृथ्वीनारायणांचे सेनापती कालू पांडे मारले गेले. दुसऱ्या हल्ल्यात त्यांचे भाऊ सूरप्रताप यांचा बाणाने डोळा गेला. तिसऱ्या वेळी दीर्घ वेढ्यापुढे नगर शरण आले, आणि त्यानंतर तेथील पुरुषांची नाके कापण्यात आली. त्या वेळी खोऱ्यात असलेल्या जुसेप्पे नावाच्या कापुचिन पाद्र्याने हे लिहून ठेवले आहे. फुंकून वाजवायची वाद्ये वाजवणाऱ्यांना तेवढे वगळले, असे सांगतात. संख्येवर इतिहासकारांचे मतभेद आहेत, परंतु नगराला पुढे 'नासकाटापूर' म्हणत, ही आठवण कीर्तिपूरच्या घराघरांत आहे. एका वृद्ध बाईंनी मला देवळाच्या पायरीवर बसून हे सांगितले तेव्हा त्यांचा हात नकळत स्वतःच्या नाकाकडे गेला होता, आणि घटना अडीचशे वर्षांपूर्वीची होती.

लिंबूंची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा प्रदेश १७७४ मध्ये गोरखा राज्याला जोडला गेला तो काहीसा तहाने. राजाने लाल मोहर, म्हणजे शाही सनद, देऊन त्यांचा किपट मान्य केला. किपट म्हणजे जमिनीवर कुळाची सामाईक मालकी, जी बाहेरच्याला विकता येत नाही. पुढच्या दोन शतकांत सावकारांनी, वस्तीला आलेल्या इतरांनी आणि शेवटी १९६० च्या दशकातील जमीनसुधारणेच्या कायद्यांनी तो हक्क संपवला. आपल्याकडे १५२६ मध्ये पोर्तुगिजांनी फोराल नावाची सनद काढून तिसवाडीच्या गावकाऱ्यांचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांचे, जुने हक्क लेखी मान्य केले आणि नंतर एकेक करून गावांच्या हातून कारभार काढून घेतला, त्याची ज्यांच्या घरात अजून चर्चा होते त्यांना लिंबू माणसाचे मौन परके वाटू नये. करार मोडला गेला की मूळ सनद देणाऱ्याच्या जयंतीला फूल वाहताना हात अडखळतो.

सरांनी पृथ्वीनारायणांच्या फुलबागेचा उल्लेख केला. मला ते वचन आवडते, परंतु बागेच्या रूपकात एक अडचण आहे. बाग म्हटली की माळी कोण, हे ठरलेले असते. पुढच्या शाह राजांच्या आणि राणांच्या (राजाच्या नावाने कारभार करणाऱ्या वंशपरंपरागत पंतप्रधानांच्या) काळात एक भाषा, एक पोशाख आणि एका प्रकारचा धर्माचार यांना राज्याचे बळ मिळाले. राणांच्या राजवटीत नेवारी भाषेतून लिहिणाऱ्यांना तुरुंगात टाकले गेले. त्यामुळे 'एकता दिवस' हे नाव ऐकताच अनेक नेवार, लिंबू, राई, मगर विचारतात की एकता कोणाची आणि कोणाच्या अटींवर. सगळेच विचारत नाहीत, हेही तितकेच खरे. गोरखाली सैन्यात मगर आणि गुरुंग मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्या वंशजांपैकी पुष्कळांना हा दिवस स्वतःच्या पूर्वजांच्या पराक्रमाचा वाटतो.

मांद्रेकर, माझी विनंती एवढीच आहे की त्या दोघांना कारण पुन्हा विचारू नका, आणि भाषणात 'तुम्हा सर्व नेपाळी बांधवांचे दैवत' असे म्हणू नका.

सत्तरीकर

माझे मत दोघांपेक्षाही वेगळे आहे आणि ते मी नम्रपणे मांडतो. प्रजासत्ताकाने राजाचा दिवस सरकारी खर्चाने पाळूच नये. नेपाळकडे स्वतःचा गणतंत्र दिवस आहे, तो जेठ १५ ला असतो, आणि १९५१ साली राणांच्या पकडीतून सुटल्याचा लोकशाही दिवसही आहे. हे दिवस सामान्य माणसांनी रक्त सांडून मिळवलेले आहेत. संस्थापकाचा मान आणि राजसंस्था ही दोन वेगळी खाती आहेत असे सर म्हणतात, परंतु रस्त्यावरच्या माणसाच्या मनात ती वेगळी राहत नाहीत. २०२५ च्या मार्चमध्ये राजेशाही परत आणण्याच्या मागणीसाठी काठमांडूत निघालेल्या निदर्शनांना हिंसक वळण लागले आणि दोन माणसे मेली. ज्या घराण्यातील राजाने २००५ मध्ये सरकार बरखास्त करून सर्व सत्ता हाती घेतली आणि देशाचे दूरध्वनीदेखील बंद पाडले, त्या घराण्याचा कोणताही उत्सव निरुपद्रवी असतो, हे मला पटत नाही. अंगणात हार घालायला माझी हरकत नाही, तो त्यांचा खासगी आनंद आहे. मालकाने भाषण करून त्याला वजन देऊ नये.

डिचोलीवाला

सत्तरीकर यांची भीती खरी आहे, पण तिच्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही, आणि त्याचे कारण रोज आपल्या डोळ्यांसमोरून जाते. गोव्याने १९८० मध्ये आपल्या सरकारी बससेवेचे महामंडळ काढले तेव्हा त्याला कदंब हे नाव दिले. चांद्रपूर आणि गोपकपट्टण, म्हणजे आजचे चांदर आणि गोवा वेल्हा, येथून राज्य करणारे ते घराणे. रोज हजारो माणसे कदंब बसने कामाला जातात, आणि राजा परत यावा असे त्यांच्यातील एकालाही वाटत नाही. नाव लोकांचे झाले, गादी इतिहासात राहिली. माझ्या नार्वे गावचा सप्तकोटेश्वर हे कदंबांचे कुलदैवत. त्यांच्या नाण्यांवर 'श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' असे कोरलेले असे. दिवाडी बेटावरचे मूळ देऊळ पोर्तुगिजांनी पाडले, देव नदीपार नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी येथील देवळाचा जीर्णोद्धार करविला. या देवळाच्या पायरीवर डोके टेकताना मी दोन राजघराण्यांचे ऋण एका वेळी मानतो, आणि त्याने माझ्या मतदानाच्या हक्काला काही उणेपणा येत नाही.

दुसरे उदाहरण ज्यांनी आपल्यावर साडेचारशे वर्षे राज्य केले त्यांचे. पोर्तुगाल १५८० पासून स्पेनच्या राजाखाली गेला होता. १ डिसेंबर १६४० रोजी तेथील सरदारांनी उठाव करून ब्रागांझा घराण्याच्या ड्यूकला चौथा जुआंव म्हणून गादीवर बसवले. (याच राजाची मुलगी कॅथरिन, तिच्या लग्नात मुंबई बेट इंग्रजांना आंदण गेले.) १९१० मध्ये पोर्तुगालने ब्रागांझा घराण्याला पदच्युत करून प्रजासत्ताक आणले, तरी १ डिसेंबरची सुट्टी ठेवली, कारण प्रजासत्ताकवाद्यांच्या दृष्टीने तो राज्याभिषेकाचा नव्हे, तर देश परकीय सत्तेतून सुटल्याचा दिवस होता. पुढे आर्थिक काटकसरीच्या काळात, २०१३ पासून, ही सुट्टी रद्द झाली, आणि तिच्यासोबत ५ ऑक्टोबरची, म्हणजे खुद्द प्रजासत्ताक दिनाची सुट्टीही गेली. २०१६ मध्ये दोन्ही परत आल्या. राजाचा दिवस आणि राजा घालवल्याचा दिवस एका वेळी गेले आणि एका वेळी परतले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

तेव्हा नेपाळने पौष २७ ठेवावा की नाही, यापेक्षा त्या दिवशी काय सांगितले जाते हा प्रश्न मोठा आहे. सिंधुलीची लढाई सांगितली आणि कीर्तिपूर वगळले, तर तो दिवस अर्ध्या देशाचाच राहील.

अंत्रुजवासी

कुशावतीकाठ ताईंचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. कीर्तिपूरची हकिकत मला ठाऊक होती आणि तरीही मी ती पहिल्या उत्तरात घेतली नाही. लढायांची साखळी सांगताना १७६७ ला सिंधुली सांगितली आणि त्याच सुमाराचे कीर्तिपूर गाळले. वर्गातही मी वर्षानुवर्षे असेच शिकवत आलो, हे आज लक्षात आले आणि वाईट वाटले. राज्य उभारणाऱ्याची बाजू घेऊन वाचण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असते. आपल्या मनात राजा म्हटला की शत्रूच्या स्त्रीलाही सन्मानाने परत पाठवणारा राजा उभा राहतो, आणि तो मान आपण नकळत दुसऱ्या देशाच्या राजालाही बहाल करतो. प्रत्येकाला त्याच्या कृत्यांवरून मोजले पाहिजे.

मात्र एका मुद्द्यावर मी माझ्या मताशी ठाम आहे. पृथ्वीनारायण झाले नसते तर त्या पन्नास राज्यांपैकी बहुतेक पुढच्या पन्नास वर्षांत कंपनीच्या घशात गेली असती, आणि त्यांत कीर्तिपूरही असते. हे कीर्तिपूरच्या माणसाला सांगण्याचा मला अधिकार नाही, पण इतिहास म्हणून ते खरे आहे असे मी मानतो. आणखी एक गोष्ट मांद्रेकरांना उपयोगी पडेल. काठमांडू जिंकल्याच्या दिवशी पृथ्वीनारायणांनी नेवारांची इंद्रजात्रा थांबवली नाही. जिवंत देवी मानल्या जाणाऱ्या बालिकेकडून, म्हणजे कुमारीकडून, स्वतः टिळा घेतला आणि जात्रा पुढे चालू राहिली. त्यानंतरचे शाह राजे दर वर्षी कुमारीसमोर वाकत आले. २००८ नंतर तो मान राष्ट्रपतींकडे गेला. राजा गेला, टिळ्याची जागा रिकामी राहिली नाही, आणि ती जागा मुळात नेवारांनी निर्माण केलेली होती.

पर्वरीकर

एक व्यावहारिक खुलासा. नेपाळचे विक्रम संवत सौर मानाने चालते, त्यामुळे त्यांचा पौष आणि आपल्या पंचांगातील चांद्र पौष एक नव्हेत. त्यांच्या माघ महिन्याचा पहिला दिवस म्हणजे मकरसंक्रांत, म्हणून पौष २७ नेहमी संक्रांतीच्या तीन-चार दिवस आधी, साधारणपणे ११ जानेवारीला येतो. सात जणांना सुट्टीचा मोबदला सारखाच द्यावा, बसणाऱ्या पाचांनाही आणि काम करणाऱ्या दोघांनाही, म्हणजे कोणाच्या न बसण्याची नोंद पगारात दिसणार नाही.

मांद्रेकर

आज १२ जानेवारी. काल काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे, कारण आपण सर्वांनी मनापासून वेळ दिलात.

सत्तरीकर यांचा सल्ला मी मानला नाही, भाषण केले. परंतु त्यांच्यामुळेच ते चार मिनिटांत संपवले आणि त्यात राजेशाही हा शब्द घेतला नाही. मी तरुळाचे वचन सांगितले, सिंधुली सांगितली, फोंडा आणि पेडणे त्याच काळात कसे गेले ते सांगितले. शेवटी म्हणालो की हा देश जोडताना ज्यांच्या गावांना फार मोठी किंमत द्यावी लागली त्यांनाही आज या तुळशीसमोर माझा नमस्कार आहे. कीर्तिपूरचे नाव मी ओठांवर आणले आणि मग घेतले नाही. बरोबर केले की चूक, हे मला अजून ठरवता आलेले नाही. लिंबू गृहस्थ वरच्या मजल्याच्या कठड्याशी चादरी वाळत घालत होते. त्यांनी ऐकले असावे.

मुख्य आचारी त्या वाक्यानंतर गंभीर झाले आणि दिवसभर माझ्याशी कामापुरतेच बोलले. रात्री मात्र स्वतःहून आले. त्यांचे म्हणणे असे की त्यांच्या गावात ही गोष्ट कोणी मोठ्याने सांगत नाही, पण ठाऊक सगळ्यांना असते, आणि माझ्या तोंडून ती आल्यामुळे त्यांना आधी राग आला. तो गेला का, हे मी विचारले नाही.

आज सकाळी कीर्तिपूरच्या गृहस्थांनी एक विनंती केली. दोन-तीन दिवसांवर माघे संक्रांत आली आहे. त्या दिवशी त्यांच्याकडे तूप, चाकू नावाची गुळाची घट्ट वडी आणि उकडलेले तरुळ खातात, आणि हा सण सातांच्याही घरी असतो. संध्याकाळी स्वयंपाकघर तासभर मिळेल का, असे त्यांनी विचारले. मी हो म्हटले. चाकू काठमांडूहून आलेल्या कोणा ओळखीच्याकडून मिळणार आहे, तूप माझ्याकडे आहे. कोनफळे आमच्या बाजूला या वर्षी दिसली नाहीत. म्हापशाच्या बाजारात कोणाकडे चांगली मिळतात हे कोणी सांगू शकल्यास उद्या सकाळी जाऊन घेऊन येईन, साधारण चार किलो लागतील.